वंदा: वृक्षादनी की वृक्षरुहा?

नर्सरीत लाकडी जाळीच्या टोपलीत लोंबणाऱ्या ऑर्किडवर ‘व्हॅन्डा’ अशी चिठ्ठी असते आणि घेणाऱ्याला ते नाव परदेशी वाटतं. खरं तर ते संस्कृत आहे. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या विल्यम जोन्सने ‘वंदा’ हा शब्द उचलला आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउनने तो प्रजातीचं नाव म्हणून कायम केला. पण अमरकोशातली वंदा म्हणजे बांडगूळ. तिच्या पर्यायी नावांत ‘वृक्षादनी’, म्हणजे झाड खाणारी, आणि ‘वृक्षरुहा’, म्हणजे झाडावर उगवणारी, अशी दोन्ही आहेत. एक आरोप आहे, दुसरं नुसतं वर्णन. आमरीची, म्हणजे ऑर्किडची, बदनामी पहिल्या नावाने केली. तिला जगवायचं तर दुसरं नाव धरावं लागतं.

अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या रानात हा फरक हाताने तपासता येतो. खरं बांडगूळ फांदीच्या आत शोषकमुळं घुसवतं आणि जोडावर गाठ येते. आमरीची मुळं सालीला नुसती बिलगतात. त्यांवरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण पाऊस आणि धुकं टिपतं. मग जुन्या लोकांना हे दिसलं नाही का? जमिनीवरून पाहणाऱ्याला उन्हाळ्यातल्या उघड्या फांदीवर दोन्ही हिरवे झुबकेच दिसणार. शिवाय आरोप अगदीच निराधार नाही. आमरीचं बी धुळीएवढं, त्यात शिदोरी नसते. बुरशीने पोसल्याशिवाय ते रुजत नाही, हे फ्रान्सच्या नोएल बर्नारने १८९९ मध्ये ओळखलं. म्हणजे बालपणी ती दुसऱ्याच्या जिवावर जगते खरी, पण तो दुसरा म्हणजे झाड नव्हे. १९२२ मध्ये लुईस नडसनने साखर घातलेल्या आगरवर बुरशीविना बी रुजवून दाखवलं आणि नर्सरीचा धंदा तिथून फोफावला.

कुंडीत काळी माती भरून वंदा लावणं म्हणजे तिची मुळं गुदमरवणं. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो, पण उघडीप मिळताच साल निथळते. नगर शहराच्या कोरड्या हवेत निथळण्याची चिंता नाही, भिजवण्याची आहे. टोपलीत कोळशाचे मोठे तुकडे पुरेत, तेही आधारापुरते. सकाळी मुळं पांढऱ्याची हिरवी होईपर्यंत भिजवावीत आणि रात्रीपूर्वी वाळू द्यावीत. वैशाखात दुपारीही एकदा पाणी लागतं. झाड खात नाही, म्हणूनच खत मात्र बाहेरून द्यावं लागतं: पाण्यात अगदी पातळ करून, मुळांवर फवारून.