प्लेग (ग्रंथिक संनिपात)

यर्सिनिया पेस्टिस या जीवाणूमुळे उंदरांना व पिसवांमार्फत माणसांना होणारा संसर्गजन्य रोग. जीवाणूचा शोध यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला लावला. पिसवेचा वाटा सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला. जीवाणू पिसवेच्या पचनमार्गाचा पुढचा भाग बुजवतात. उपाशी पिसू पुनःपुन्हा चावते आणि जीवाणू जखमेत ओकते. तेथून ते लसीका ग्रंथींत शिरून भक्षक पेशींना निकामी करतात. जांघेत वा काखेत अतिशय दुखरी गाठ येते. फुप्फुसे बाधल्यास खोकल्याच्या तुषारांतूनही प्रसार होतो. उंदीर मरून पडणे ही साथीची जुनी, भरवशाची खूण. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली साथ पुढे कोल्हापूर संस्थानातही पोहोचली. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वस्त्या गावाबाहेर हलविण्यात आल्या. (पहा : जीवाणू; साथीचे रोग; हाफकिन, वाल्डेमार.)