घोड्याचा दुहेरी हल्ला (बुद्धिबळ, अंतिम डाव)

घोड्याने एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर धरलेला नेम. खेळाडूंच्या बोलण्यात ‘फोर्क’. पटावर मोहरे थोडे उरले की राजा मोकळ्यावर येतो आणि घोड्याच्या शहाला तोंड देता देता हत्ती किंवा नवा वजीर हातचा जातो. प्यादे वजीर झाल्याच्या आनंदात तर हा घाव हमखास बसतो.

बचावाचे मूळ रंगात आहे. घोडा दर चालीला घराचा रंग बदलतो. म्हणून तो ज्यांना एकदम मारतो ती घरे एकाच रंगाची असतात. राजा जी१ आणि हत्ती सी१, दोन्ही काळ्या घरांत : ई२ वर घोडा आला की हत्ती गेलाच. राजा आधीच जी२ या पांढऱ्या घरात सरकला असता, तर त्या दोघांना एकत्र गाठणे कोणत्याच घोड्याला शक्य नव्हते. १९६६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील दहाव्या डावात पेट्रोस्यानने एच८ वर वजीर देऊ केला आणि स्पास्कीने डाव सोडला. राजाने तो वजीर मारला असता, तर एफ७ वरच्या घोड्याने एच८ चा राजा व जी५ चा वजीर एकदम धरला असता. दोन्ही घरे काळी. (हा अंतिम डाव नव्हे, पण धडा तोच.)

अंतरही मोजावे. घोड्यापासून तिरके दोन घरे दूर असलेल्या राजाला शह द्यायला त्याला तीन चाली लागतात. सरळ रेषेत दोन घरांवर मात्र एकच पुरते. उंट असेल तर काठावरचा घोडा कोंडता येतो : ए५ वरच्या घोड्याच्या चारही वाटा डी५ वरचा उंट अडवतो.