मनपुऱ्याचे वादळ आणि त्यानंतरच्या शाळा



१२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. रमजानचा महिना निम्म्यावर आला होता. चंद्राचा हिशेब केलात तर ध्यानात येईल की पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती. म्हणजे समुद्राला उधाण होते. ऐन भरतीच्या वेळी बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजेच आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. मेघना नदीच्या मुखाशी भोला, मनपुरा, हातिया ही गाळाची सखल बेटे आहेत. तेथे काही ठिकाणी पाणी ३० फुटांपर्यंत चढले. रेडिओवरून इशारा झाला होता. पण जायचे कोठे? पक्क्या इमारती जवळजवळ नव्हत्याच. ३ ते ५ लाख माणसे मेली असा अंदाज आहे.

पुढे ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेने गावोगाव पाहणी केली. लोकसंख्येत १० वर्षांखालील मुले सुमारे एक तृतीयांश होती. मृतांत मात्र ती निम्म्याहून अधिक निघाली. ज्यांच्या हातांत झाडाला कवटाळून राहण्याचे बळ होते ते वाचले. त्यांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांवर झाडाच्या सालीने सोलल्याच्या जखमा होत्या. लहान मुलांच्या हातांत ते बळ कोठून येणार?

सरकारी मदत संथ होती. त्याचा राग पुढल्याच महिन्यातील निवडणुकीत दिसला, तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते एका हिशेबनिसाविषयी. फझल हसन अबेद तेव्हा ३४ वर्षांचे होते. चितगावला शेल या तेल कंपनीत अर्थविभागाचे प्रमुख. मित्रांना घेऊन त्यांनी 'हेल्प' नावाची संस्था काढली आणि मनपुरा बेट मदतीसाठी निवडले. तेथील प्रेते पाहिल्यावर कंपनीतील सुखाच्या नोकरीत त्यांचे मन लागेना. १९७१ च्या युद्धात ते लंडनला गेले, स्वातंत्र्यलढ्यासाठी झटले, आणि युद्ध संपल्यावर तेथील स्वतःची सदनिका विकून ते पैसे घेऊन मायदेशी परतले. १९७२ मध्ये सिलहट भागातील सुल्ला येथे निर्वासितांची घरे उभारण्यासाठी त्यांनी जी संस्था काढली, तीच पुढे 'ब्रॅक' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली.

येथे थोडे थांबू या. कोठेही आपत्ती आली की आपण जकात, सदका काढतो, कपड्यांची गाठोडी बांधतो. हे चांगलेच आहे. पण चाळिसाव्या दिवशी गाठोडी थांबतात आणि वह्यांची आठवण कोणालाच होत नाही. अबेद यांनाही शाळा लगेच सुचली नव्हती. आधी त्यांनी प्रौढ साक्षरतेचे वर्ग काढले. ते फारसे टिकले नाहीत. पुढे गावोगावच्या आयाच विचारू लागल्या, "आम्हांला शिकवता, मग आमच्या मुलांचे काय?" त्यातून १९८५ मध्ये २२ शाळा निघाल्या. एकच खोली, ३० च्या आसपास मुले, त्यांत मुली अधिक. शिक्षिका त्याच गावची. फी नाही. वेळ मुलांच्या घरकामाकडे पाहून ठरवायची. बी.एड.च्या पाठ्यपुस्तकातील आदर्श शाळा काही अशी नसते! तरीही त्यांची संख्या पुढे हजारोंवर गेली आणि लाखो मुले त्यांतून शिकून निघाली. अबेद २०१९ मध्ये वारले.

वादळे काही थांबली नाहीत. १९९१ मध्ये तेथे सुमारे १ लाख ३८ हजार माणसे पुन्हा मेली. २००७ च्या 'सिडर' वादळात मात्र हा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. दरम्यान इशारा घेऊन दारोदार फिरणारे स्वयंसेवक तयार झाले होते, आणि उंच खांबांवर उभी असलेली पक्की आश्रयस्थाने किनाऱ्यावर ठिकठिकाणी बांधली गेली होती. त्यांतील अनेक इमारतींत एरवी प्राथमिक शाळा भरते. इशारा झाला की बाके बाजूला सारतात आणि वर्गांत गाव झोपते.