ओकलंड ॲथलेटिक्स : खर्चकपात आणि चाहत्यांचा असंतोष

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या २०२२ च्या कामगार करारात ठरावीक रकमेपुढील वेतनखर्चावर कर आहे; परंतु संघाने किमान किती खर्च करावा, याचे बंधन नाही. याची झळ कॅलिफोर्नियातील ओकलंड ॲथलेटिक्सच्या चाहत्यांना बसली.

ओकलंडमध्ये १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९ साली अजिंक्यपद मिळविणाऱ्या या संघाने मार्च २०२२ मध्ये मॅट ओल्सनला अटलांटाकडे, तर मॅट चॅपमनला टोरांटोकडे सोपविले. डिसेंबरमध्ये कॅचर शॉन मर्फीही अटलांटाकडे गेला. २०२३ च्या हंगामात संघाने १६२ पैकी ११२ सामने गमावले.

रिकाम्या प्रेक्षागाराचा दोष आपल्यावर येऊ नये, यासाठी चाहत्यांनी १३ जून २०२३ रोजी ‘उलट बहिष्कार’ पुकारला. २७,७५९ प्रेक्षकांच्या उपस्थितीत, मालक जॉन फिशर यांनी संघ विकावा, अशा घोषणा देण्यात आल्या. त्या दिवशी संघ जिंकला. मात्र नोव्हेंबरमध्ये लीगच्या संघमालकांनी लास व्हेगासला स्थलांतर करण्यास एकमताने मंजुरी दिली.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील अखेरच्या सामन्यास ४६,८८९ प्रेक्षक उपस्थित होते. २०२५ च्या हंगामापासून संघाने वेस्ट सॅक्रामेंटो येथे तात्पुरता मुक्काम हलविला.