पुरावा कोणी द्यावयाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी इतिहासावर बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या दारातल्या सभांत, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत झाले. राजघराण्यांचा इतिहास सांगणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. आम्ही आज एका खुणेचा इतिहास सांगणार आहो. ही खूण नखाएवढी असते. एक षट्कोन, आणि त्यात ग्रीक लिपीतील एप्सिलॉनच्या धाटणीचे एक अक्षर व त्यापुढे एक्स. जेथे हवेत पेटणारा वायू, वाफ किंवा धूळ मिसळलेली असू शकते, तेथे वापरायच्या टेलिफोनवर, वॉकीटॉकीवर, घंटीवर युरोपात ही खूण असावी लागते.

या खुणेशी आमची ओळख कशी झाली ते आधी सांगतो. आमचे सभासद असलेल्या एका रासायनिक कारखान्यात सॉल्व्हंटच्या टाक्यांच्या आवारात नेण्यासाठी परदेशी बनावटीचे वॉकीटॉकी होते. त्यांच्यावर हा षट्कोन होता. पुढे एका संचाची बॅटरी संपली आणि भांडारातून बाजारातली स्वस्त बॅटरी बसवून मिळाली. आमच्या एका ऑपरेटरने तो संच घेऊन आवारात जाण्यास नकार दिला. साहेबांनी त्याला विचारले, "या बॅटरीने स्फोट होतो, हे सिद्ध करून दाखव." त्याला ते दाखवता आले नाही. आम्हांलाही आले नाही. त्याच्या हातात ताकीदपत्र पडले.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही पुस्तकांत शिरलो, आणि आमच्या ध्यानात आले की हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो वेल्समधल्या एका खाणीच्या तोंडाशी उभा होता, आणि तेथेही त्याचे उत्तर मेलेल्या माणसांकडेच मागितले गेले होते.

दक्षिण वेल्समध्ये सेंघेनिड नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. तेथील युनिव्हर्सल खाणीत १९०१ साली स्फोट होऊन ८१ माणसे मेली होती. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सकाळी आठच्या सुमारास तीच खाण पुन्हा उडाली. सुमारे साडेनऊशे माणसे त्या वेळी जमिनीखाली होती. ४३९ कामगार गेले, आणि त्यांना सोडवावयास उतरलेल्यांपैकीही एक गेला. ब्रिटनच्या इतिहासात याहून मोठा खाण-अपघात झालेला नाही.

चौकशी बसली. मुख्य खाण-निरीक्षक रेडमेन हे तिचे प्रमुख. त्यांच्या एका बाजूस मालकसंघाचे इव्हान विल्यम्स, दुसऱ्या बाजूस ग्रेट ब्रिटनच्या खाणकामगार महासंघाचे अध्यक्ष रॉबर्ट स्मिली. कामगारांचा माणूस चौकशीच्या टेबलाशी बसला होता, हे ध्यानात ठेवावे. ठिणगी कोठून आली? खाणीत निरोप पोचविण्यासाठी विजेच्या घंटा होत्या. बोगद्याच्या कडेने दोन उघड्या तारा दूरवर गेलेल्या असत. गाड्या ओढणाऱ्या यंत्रवाल्याला 'थांब' किंवा 'ओढ' असे सांगायचे झाले, की कामगाराने त्या दोन तारा हाताने वा लोखंडाच्या तुकड्याने एकमेकींना टेकवायच्या. दूर घंटा वाजे. तारा सुटताना जी ठिणगी पडते तिच्यावर संशय गेला. परंतु साक्षीदार जिवंत नव्हता. निश्चित कारण सिद्ध झाले नाही.

खटला झाला तो खाण-कायद्याच्या इतर भंगांबद्दल. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला. कंपनी आधी सुटली, आणि अपिलात तिला हवेचा प्रवाह उलटविण्याची सोय केली नाही म्हणून १० पौंड दंड झाला. व्यवस्थापकाच्या दंडाला ४३९ ने भागून पाहा. दर माणशी एक शिलिंग आणि एक पेनीहून थोडेसे अधिक, एवढा हिशेब येतो. हा भागाकार त्या वेळी वेल्समधल्या एका वृत्तपत्रानेही करून छापला होता. घंटीने माणसे मारली, हे सिद्ध करण्याचा भार मेलेल्यांवर होता. त्यांना तो उचलता आला नाही. घंटी निर्दोष सुटली.

पण एक प्रश्न मागे राहिला, आणि तो प्रयोगशाळेत गेला. व्हीलर नावाचे रसायनशास्त्रज्ञ सरकारच्या प्रयोगकेंद्रात खाणीतील स्फोटांचा अभ्यास करीत होते. त्यांनी आणि विजेचे प्राध्यापक थॉर्नटन यांनी १९१५ आणि १९१६ च्या सुमारास या घंट्या तपासल्या. तोवर समज असा की बॅटरीची वीज म्हणजे कमी दाबाची, ती काय करणार? प्रयोगांत निराळेच दिसले. घंटीच्या आत तारेचे वेटोळे असते. वीज वाहत असता त्या वेटोळ्यात शक्ती साठते. तारा तुटल्या की ती शक्ती कोठेतरी जायलाच हवी. भरधाव पाण्याचा नळ एकदम बंद केला तर सारी नळी हिसका देते, तसेच हे. तो हिसका तारांच्या टोकाशी ठिणगी होऊन बाहेर पडतो. म्हणजे प्रश्न केवळ विजेच्या दाबाचा नव्हता, साठलेल्या शक्तीचा होता. बॅटरी गरीब दिसली तरी वेटोळे श्रीमंत असू शकते.

उपायही त्यातच सापडला. वेटोळ्याला आडवाट करून दिली, की साठलेली शक्ती तिकडून जिरते आणि ठिणगी इतकी दुबळी होते की तिने वायू पेटत नाही. येथे एक भेद सांगितला पाहिजे. जर्मनीत बायलिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दुसरा मार्ग काढला होता. यंत्र भक्कम पेटीत घालावे. आत स्फोट झाला तरी ज्वाला फटींतून बाहेर येता येता थंड व्हावी. मोटारीला हा मार्ग चांगला. पण बोगद्याच्या कडेने दूरवर धावणाऱ्या तारेला पेटी कशी घालणार? बोलण्याचे साधन माणसाच्या हाताशी आणि उघडेच असावे लागते. म्हणून ठिणगीला कोंडण्याऐवजी तिलाच उपाशी ठेवण्याची ही विद्या घंटीपासून जन्मली. तिला अंगभूत सुरक्षितता म्हणतात. आजच्या खुणेत 'आय' हे अक्षर दिसते ते याचेच. त्याला 'ए' जोडलेला असला तर दोन बिघाड झाले तरी ठिणगी दुबळीच राहते; 'बी' असला तर एका बिघाडापर्यंत.

मोठी गोष्ट पुढेच आहे. या प्रयोगांनी प्रश्न फिरविला. आधी विचारीत, 'या घंटीने स्फोट झाला काय?' आता विचारू लागले, 'ही घंटी स्फोट करू शकते काय?' पहिल्या प्रश्नाला प्रेते लागतात, दुसऱ्याला फक्त वायूने भरलेली एक डबी. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने घंटी बनविली त्याच्याकडे मागता येते, तेही विक्रीपूर्वी.

त्यानंतरच्या अर्धशतकात युरोपातील औद्योगिक देशांत आपापली परीक्षण-केंद्रे उभी राहिली. एका देशात तपासलेला टेलिफोन दुसऱ्या देशात पुन्हा तपासावा लागे. आता आम्ही कामगार चळवळीतले असलो तरी खरे तेच सांगितले पाहिजे. एकच खूण असावी ही निकड प्रथम कामगाराच्या कळवळ्यातून आली नाही, बाजाराच्या अडचणीतून आली. सामायिक बाजारपेठेने १८ डिसेंबर १९७५ रोजी विजेच्या अशा उपकरणांसाठी निर्देश काढला, आणि १९८२ साली वायूच्या खाणींसाठी निराळा काढला. २३ मार्च १९९४ चा निर्देश अधिक व्यापक. त्यात विजेवर न चालणारी यंत्रेही आली, आणि १ जुलै २००३ पासून तो पुरता बंधनकारक झाला. 'स्फोटक वातावरण' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्याला एटेक्स हे नाव पडले. २०१४ साली तो नव्याने लिहिला गेला आणि २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे.

यातला १६ डिसेंबर १९९९ चा निर्देश मात्र कामगाराचा आहे. कोठे वायू सदैव असतो, कोठे अधूनमधून, कोठे क्वचित, याचे टापू मालकाने पाडावेत. धोक्याचा लेखी आराखडा करावा. कामगाराला शिकवावे, असे तो सांगतो. पहिला कायदा वस्तूला विचारतो, दुसरा मालकाला. एकट्या पहिल्याने काम भागत नाही.

आता खूण वाचून पाहू. षट्कोनापुढे रोमन आकडा एक असला तर वस्तू खाणीची, दोन असला तर वरच्या कारखान्याची. कारखान्यासाठी १, २, ३ असे तीन वर्ग. १ सर्वांत कडक. 'जी' म्हणजे वायू, 'डी' म्हणजे धूळ. पुढे वायूंचे गट: प्रोपेनचा, इथिलीनचा आणि हायड्रोजनचा. खाणीतला मिथेन पेटावयास जेवढी शक्ती लागते तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी शक्तीने हायड्रोजन पेटतो. म्हणूनच रेडिओलहरींच्या शक्तीलाही मर्यादा आहे: मिथेनच्या खाणीत ६ वॉट, हायड्रोजनच्या जागी २ वॉट. शेवटी 'टी' आणि आकडा. टी-४ म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग १३५ अंशांपलीकडे तापणार नाही.

खाणीसाठी एम-१ आणि एम-२ असे दोन वर्ग आहेत. वायू वाढला की एम-२ ची वीज तोडावी लागते. एम-१ ने मात्र वायू भरलेल्या हवेतही चालू राहावयाचे असते. हे का, ते फ्रान्समधील कुर्रिएर येथे विचारावे. १० मार्च १९०६ रोजी तेथे १,०९९ माणसे मेली. खाली कोणी जिवंत असेल ही आशा सोडली गेली होती. वीस दिवसांनी, ३० मार्चला, १३ माणसे अंधारातून वाट काढीत आपल्या पायांनी वर आली. ४ एप्रिलला आणखी एक सापडला. वीस दिवस ते जिवंत होते आणि वरच्यांना सांगू शकत नव्हते. वायू भरल्यावर जे मुके होते, ते साधन खाणकामगाराच्या कामाचे नाही.

या व्यवस्थेत फटी आहेत, त्याही सांगतो. वर्ग १ आणि २ च्या विद्युत उपकरणांचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. वर्ग ३ साठी उत्पादकाचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरते. शिवाय खूण लावली जाते ती कारखान्यातून निघालेल्या वस्तूला. तिची बॅटरी बदलली, ती उघडून बाजारातला सुटा भाग घातला, तरी षट्कोन तेथेच राहतो. खूण पुसली जात नाही, तिचा अर्थ मात्र पुसला जातो.

म्हणून आम्ही त्या वॉकीटॉकीकडे परत येतो. युरोपचा कायदा आपल्या मालकाला बांधीत नाही. आपल्याकडे पेट्रोलियम व रसायनांच्या धोक्याच्या जागी अशा उपकरणांना मंजुरी देणारी केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. खाणींचे महासंचालनालय धनबादला आहे. पण आम्हांला सापडलेले उत्तर त्याहून साधे होते. युरोपच्या नियमाप्रमाणे अशा संचाबरोबर वापराच्या सूचना द्याव्याच लागतात. ती पुस्तिका भांडारातल्या एका खोक्याच्या तळाशी पडून होती. शब्दकोश घेऊन आम्ही ती दोन रात्री वाचली. कोणती बॅटरी चालते ते तीत नावानिशी लिहिले होते. दुसरी घातल्यास मंजुरी संपते आणि बॅटरी धोक्याच्या जागेबाहेरच बदलावी, हेही लिहिले होते.

ती पुस्तिका टेबलावर ठेवून आम्ही म्हणालो, "साहेब, आम्ही काहीच सिद्ध करणार नाही. बनविणाऱ्याने त्याच्या बॅटरीपुरते सिद्ध केले आहे. ही बॅटरी तुम्ही आणलीत. हिचे तुम्ही सिद्ध करा."

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात योग्य बॅटऱ्या आल्या. ताकीदपत्र मात्र मागे घेतले गेले नाही. ते आमच्या माणसाच्या फायलीत अजून आहे. सेंघेनिडच्या कामगारांना जे उत्तर देता आले नाही ते देण्याची सोय आता झाली आहे, पण ते देणारा माणूस प्रत्येक पाळीत हजर असावा लागतो. आमच्या युनियनच्या कचेरीत ती खूण मोठी करून भिंतीवर लावली आहे, अक्षराअक्षराचा अर्थ मराठीत लिहून. नवा सभासद आला की वर्गणीची पावती फाडण्याआधी आम्ही त्याला ती वाचावयास लावतो.