माथेरान येथील नित्य जीवन व त्याच्या इतिहासाचीं साधनें

थंड हवेच्या ठिकाणाचा इतिहास म्हटला म्हणजे कोणत्या साहेबानें तें केव्हां शोधून काढिलें, कोणत्या गव्हर्नरानें त्यास उत्तेजन दिलें आणि कोणत्या टोकास कोणाचें नांव पडलें, एवढाच मजकूर बहुधा वाचावयास मिळतो. माथेरानासंबंधींही असेंच झालें आहे. जे तेथें वर्षभर राहिले, ज्यांनीं पाणी भरलें, घोडीं राखिलीं व ओझीं वाहिलीं, त्यांचें टिपण फारसें आढळत नाहीं. त्याचीं साधनें अद्यापि सर्वस्वीं नष्ट झालीं नसावींत; परंतु तीं गोळा करण्यास फार अवधि उरलेला नाहीं, हें वाचकांच्या नजरेस आणावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. संस्कृत 'मस्तक' यापासून प्राकृत 'मत्थअ' व त्यापासून मराठी 'माथा'. त्याचप्रमाणें 'अरण्य' यापासून 'रण्ण' व 'रान'. डोंगराच्या माथ्यावरील रान तें माथेरान, ही व्युत्पत्ति सरळ आहे. ठाणें जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा मे 1850 मध्यें येथें चढला व त्यानें या स्थळाचा शोध लाविला, असें सर्वत्र लिहितात. परंतु धनगर, ठाकूर व कातकरी हे लोक या डोंगराच्या अंगाखांद्यावर त्यापूर्वींच वावरत होते, आणि जो मुलूख ज्याच्या पायाखालचा, तोच त्यास इतक्या साध्या शब्दांनीं नांव देतो. अलेक्झांडर, लुइझा, पॅनोरामा हीं टोकांचीं नांवें मागाहून आलीं. गारबट, रामबाग, चौक हीं त्यांच्या शेजारीं टिकून राहिलीं. सबब माथेरानचें सर्वांत जुनें साधन त्याचें नांवच होय, असें आमचें मत आहे.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. लॉर्ड एल्फिन्स्टन या गव्हर्नरानें वस्तीस उत्तेजन दिलें. 12 मे 1856 रोजीं कल्याण-खोपोली रेल्वे सुरू झाली व वाटेवरील नेरळहून डोंगर गांठणें मुंबईकरांस सोपें झालें. 1907 सालीं अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या उद्योगानें दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारें 20 किलोमीटरची वळणावळणाची गाडी वर गेली. तोंपर्यंत सारा भार तट्टांच्या पाठीवर आणि माणसांच्या खांद्यावर होता.

गांवाचा खरा आधार पाणी. पावसाळ्यांत येथें धो धो पाऊस कोसळतो, पण तांबड्या जांभ्या दगडाच्या माथ्यावर तो ठरत नाहीं. वैशाखांत झरे आटूं लागतात. म्हणून ओढा अडवून केलेल्या शार्लट तलावास एवढें महत्त्व. शेजारींच ग्रामदैवत पिसारनाथ. मुंबईचा पाहुणा बांधावर उभा राहून भरलेलें पाणी व धुकें पाहतो. गांवकऱ्याची दृष्टि मात्र पाणी किती उतरलें याकडे असते. एकाच जलाशयाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींत माथेरानचा निम्मा इतिहास सांठवला आहे.

आम्ही परळ-लालबागच्या गिरणी कामगारांचीं मुलें घेऊन नेरळहून पायीं कैक वेळां वर गेलों. जांभळीच्या सावलींतील वाटा, तांबड्या धुळीनें माखलेले पाय, फांदीवरून झेपावणारें शेकरूं, सायंकाळीं प्रबळगडाच्या बाजूस मावळणारा सूर्य, हें मुलांस पुस्तकाहून अधिक शिकवी. परंतु एका वर्षीं एका मुलानें रिक्षाकडे बोट दाखवून विचारिलें, "गुरुजी, हे लोक फिरायला कुठें जातात?" त्यास उत्तर देतां आलें नाहीं. मोटारीस मज्जाव असल्यामुळें माथेरानची हवा निर्मळ राहिली, हें खरें. पण मोटारीचें काम करावयास कोणी तरी लागतेंच. एक जण पुढें ओढी, दोघे मागून लोटीत, आणि आंत धडधाकट मनुष्य बसलेला असे.

याच मातींत 1 डिसेंबर 1912 रोजीं विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. न्हाव्याच्या घरचा हा मुलगा वकील झाला, येथील नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि 1942 च्या चळवळींत वीजवाहक मनोरे पाडणारें आझाद दस्त उभारून 2 जानेवारी 1943 रोजीं सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाला. बंगलेवाल्यांच्या गांवानें दिलेला हा सर्वांत मोठा पुरुष पाहुण्यांच्या नव्हे, तर सेवेकऱ्यांच्या वस्तींतला होता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

6 ऑगस्ट 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांस विजेवरील रिक्षा देऊन त्यांचें पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. निकाल न्याय्य आहे, त्याविषयीं दुमत नसावें. परंतु प्रथा गेली म्हणजे तिचे कागदही जातात. एका वृद्ध रिक्षावाल्यानें आपल्या परवान्याचें पुस्तक आम्हांस दाखविलें होतें. ओलीनें त्याचीं अर्धीं पानें एकमेकांस चिकटलीं होतीं.

मोडीचा रुमाल हातीं लागला कीं आपण हरखून जातों. असें पुस्तक मात्र कोणी उचलीत नाहीं. आम्ही कॉटन ग्रीनला राहतों. कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीच्या भरावावर आला आणि या भागास तें नांव मिळालें. गांठी वाहणाऱ्या हमालांच्या हिशेबाच्या वह्यांची आम्हीं वेळीं विचारपूस केली नाहीं. आतां विचारावयास कोणी उरलें नाहीं. ती चूक माथेरानीं होऊं नये. परवान्यांचीं पुस्तकें, घोडेवाल्यांच्या वह्या, दुकानदारांच्या चोपड्या, बंगल्यांच्या राखणदारांस मालकांनीं धाडलेलीं पत्रें, जें मिळेल तें संग्राहकांनीं धन्याच्या संमतीनें उतरून घ्यावें, आणि वृद्धांच्या तोंडची हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावी. येता पावसाळा लागण्यापूर्वीं हें काम आरंभावें, अशी विनंति आहे.