फेब्रुवारीतलं वांगणी

2010 सालची दिवाळी नुकतीच सरली आहे. वाघबारस झाली, भात झोडून झालं, नागली कणगीत पडली. जव्हार तालुक्यातल्या वांगणीच्या एका पाड्यावर तुम्ही पहाटेच्या अंधारात उभे आहात आणि खालच्या वळणावर टेम्पोचे दिवे दिसू लागलेत. कुणीतरी तुमच्या हाती पातेल्यांचं गाठोडं देतं. मागोमाग गोधड्या, तांदळाची गोणी, डालग्यातल्या दोन कोंबड्या. मुकादम घाई करतो आहे. दहा वर्षांची एक पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन चढते. तिचं दप्तर घरातच खुंटीला राहिलं आहे, कारण आता पावसाळ्यापर्यंत तिची शाळा म्हणजे हा भाऊ. दार ओढून कडीला दोरी बांधली जाते. म्हातारी, एक शेळी आणि कुत्रं मागे उरतं.

दाटीवाटीनं बसून तुम्ही घाट उतरता. पुढे भिवंडी, वसई, कल्याण. जव्हार-मोखाड्यातल्या कुठल्याही पाड्यावर विचारा, उत्तर एकच येतं: भट्टीवर.

आता तीन महिने पुढे या. फेब्रुवारी 2011, भिवंडीजवळची वीटभट्टी. रात्री दोनला तुम्हाला कुणी हलवून उठवतं. ऊन चढायच्या आत विटा पडल्या पाहिजेत. नवरा गारा मळून आणतो, बायको साच्यात थापते, साचा उलटा करून उचलते, पुन्हा थापते. ओळी वाढत जातात. तुम्हीही वाकून पाहा. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. मजुरी हजार विटांमागे, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. ती पोर उजाडल्यावर सुकत्या विटा उलटवते, मधूनच झापातल्या भावाला पेज भरवते. झाप म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा आणि प्लास्टिक टाकलेलं खोपट. आत उभं राहता येत नाही. आठवड्याच्या बाजाराला शेठ खर्ची देतो, तेल-मीठ-सुकटापुरती. बाकीचा हिशोब पावसाच्या तोंडावर.

याच दिवसांत, 9 ते 28 फेब्रुवारी, देशभर शिरगणती चालू आहे. नियम साधा: हे सगळे दिवस जो घरी नसेल त्याला घरी मोजायचं नाही, असेल तिथं मोजायचं. तुम्ही वांगणीला परतून पाहा. प्रगणक दोरी बांधलेल्या दारासमोर थांबतो, म्हातारीची नोंद करतो आणि पुढे जातो. त्याचं काही चुकलं नाही. इकडे भट्टीवर मात्र ज्या घरयादीच्या आधारानं मोजणी चालली आहे ती 2010 मध्येच झालेली, आणि हा झाप दिवाळीनंतर उभा राहिला आहे. इथं कुणी येऊन नावं लिहिली, तर ही माणसं भिवंडीची होतात. कुणी आलं नाही, तर कुठलीच नाहीत. इराक-तुर्कस्तानातल्या असिरियन ख्रिस्ती खेड्यांतली माणसं गाव सोडून स्वीडनच्या सॉदरतेलिए शहरात गेली, तेव्हा त्यांच्या जाण्याचा बोभाटा झाला, नव्या देशाच्या दप्तरात त्यांची नावं चढली. वांगणीची माणसं दर वर्षी जातात आणि दर वर्षी परततात, म्हणून त्यांना कुणी देशांतर केलेलं मानत नाही. पण अर्धं वर्ष ओस पडणारं गाव हेही ओस पडलेलंच गाव आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आणि हा नुसता आकड्यांचा प्रश्न नाही. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा कायद्याखालच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला, तोही लोकसंख्येच्या हिशोबानं. पुढची जनगणना 1 मार्च 2027 या दिनांकाला धरून आहे. म्हणजे पुन्हा फेब्रुवारीच.

पैसे आधी देऊन माणूस कामाला बांधून घ्यायची रीत जुनी आहे; ती पाहायला आता बरंच मागे चला. 1945. जव्हारला अजून मुकणे राजांचं संस्थान आहे, पण पश्चिमेला डहाणू-उंबरगावकडे इंग्रजी अंमल आणि सावकाराचं राज्य आहे. एका झोपडीत लग्न ठरतं आहे. मुलाकडे पैसे नाहीत. सावकार देतो. त्या रकमेपोटी नवरा आणि त्याची नवी बायको दोघंही सावकाराच्या वाड्यावर राबायला जातात, आणि कर्ज फिटलं की नाही हे सावकारच ठरवतो. यांना लग्नगडी म्हणतात. 23 मे 1945 ला झरी गावात जमलेल्या हजारो वारल्यांमध्ये तुम्ही बसा. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर समोर आहेत. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथं ठरतं. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जणांचे प्राण गेले. तरी लग्नगडीची पद्धत मोडली. ती मोडणाऱ्या माणसांपुढे मी आजही नतमस्तक आहे. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा 1976 चा. वारल्यांनी आपला निकाल तीस वर्षं आधीच लावला होता.

1992 कडे येताना पाय जड होतात. वावर-वांगणी ही जोडगावं महाराष्ट्राला माहीत झाली ती याच वर्षी. शंभरावर बालकं कुपोषणानं आणि त्यामागून येणाऱ्या आजारांनी गेली. पावसाळ्यात इथं उभे राहा: जुनं धान्य संपलं आहे, नवं शेतात हिरवं आहे, ओढे भरल्यानं दवाखाना आवाक्याबाहेर आहे, आणि आईचं दूध भट्टीवरच्या उन्हाळ्यातच आटलं आहे. नंतर मंत्र्यांच्या गाड्या आल्या, पथकं आली, जव्हारला अपर जिल्हाधिकारी आले. 2014 च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. अंगणवाडीतला वजनकाटा आला. पण भट्टीवरून परतलेलं पोर त्या काट्यावर ठेवून पाहा. दिवाळीला भरलेलं वजन पावसाआधी घसरलेलं असतं, कारण मधले सहा महिने ते ज्या यादीत होतं त्या अंगणवाडीपासून शंभर किलोमीटर दूर होतं.

लोक विचारतात, काम गावातच का करत नाहीत? रोजगार हमीचा कायदा तर महाराष्ट्रानं 1977 मध्ये, देशाच्या 28 वर्षं आधी केला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर भट्टीवर सापडत नाही. ते श्रावणात सापडतं.

म्हणून शेवटचा मुक्काम येत्या श्रावणात. पाऊस धो धो कोसळतो आहे; याच डोंगरांचं पाणी वैतरणेच्या धरणांतून मुंबईच्या नळाला जातं, आणि याच पाड्यांवर माघ-फाल्गुनात बायका विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं पाणी भरतात. कणगी रिकामी आहे. घरात कुणी तापानं फणफणलं आहे, किंवा कार्तिकानंतरचं लग्न ठरलं आहे. मुकादम छत्री मिटून ओटीवर बसतो आणि नोटा मोजून ठेवतो. ही उचल. अंगठा किंवा सही, आणि जोडी भट्टीला बांधली गेली. त्याच ओटीवर ग्रामरोजगार सेवकही येऊन गेलेला आहे. त्याचं काम दिवाळीनंतर निघेल, मजुरी मोजमाप झाल्यावर, मस्टर वर गेल्यावर, बँकेत. कायद्यानं पंधरा दिवसांत. प्रत्यक्षात अनेकदा कितीतरी उशिरा. भट्टीवाला पैसे काम सुरू होण्याआधी देतो, सरकार काम संपल्यावर. आजारी पोराच्या आईला यातलं कुठलं जवळचं वाटेल?

श्रावणातच, याच ओटीवर, हमीच्या मजुरीतून वळती होईल अशी बिनव्याजी उचल शासनानं द्यावी. तुम्ही तिथं बसलाच आहात, तर मुकादमाच्या आधी ती वाटणारा कुणी येतो का, ते बघा.